ताळा जुळतो, तरी आत आग: जनित्राच्या वायंडिंगमधील शॉर्ट सर्किट शोधण्याचा इतिहास

१. शेतातल्या पंपाची ‘मोटार जळली’ हे वाक्य महाराष्ट्रात उन्हाळ्यात गावोगाव ऐकू येते. जळते ती आतली वायंडिंग, म्हणजे तांब्याच्या तारेची गुंडाळी. आणि या जळण्याची सुरुवात अनेकदा शेजारच्या दोन वेढ्यांमधील आवरण निकामी होण्याने होते. हाच विकार वीजकेंद्रातील शेकडो मेगावॉटच्या जनित्रालाही जडतो. तो वेळेत ओळखण्याची विद्या कशी घडत गेली, हा आजच्या धाग्याचा विषय. धागा दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

२. प्रथम यंत्राची ओळख. हे सिंक्रोनस जनित्र. मराठी परिभाषेत समकालिक जनित्र. त्याचा बाहेरचा स्थिर भाग स्टेटर आणि आत फिरणारा भाग रोटर. रोटरच्या वायंडिंगमध्ये एकदिश प्रवाह सोडून त्याला चुंबक बनवतात. हा चुंबक फिरू लागला की स्टेटरच्या वायंडिंगमध्ये प्रत्यावर्ती वीज निर्माण होते. कोळसा असो, धरणाचे पाणी असो वा अणुभट्टी, शेवटी वीज घडते ती बहुतेक वेळा याच यंत्रात.

३. या इतिहासाचा आरंभ तांब्यापासून न करता कापडापासून करावा लागतो. २९ ऑगस्ट १८३१ रोजी मायकेल फॅरेडे यांनी ६ इंच व्यासाच्या लोखंडी कड्यावर तांब्याची तार गुंडाळून विद्युत प्रवर्तनाचा प्रसिद्ध प्रयोग केला. आवरण चढवलेली तार तेव्हा बाजारात सहज मिळत नव्हती. वेढे एकमेकांना टेकू नयेत म्हणून त्यांनी मध्ये सुतळी आणि सुती कापड घातले. वेढ्यांमधील हा अडसर टिकेल तोवरच यंत्र यंत्र राहते.

४. अडसर तुटला तर काय होते? स्टेटरच्या प्रत्येक वेढ्यात बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे थोडा थोडा विद्युतदाब निर्माण होतो आणि हे सारे वेढे एकामागून एक जोडलेले असल्याने दाबांची बेरीज होते. दोन शेजारचे वेढे एकमेकांना चिकटले की मधला वेढा स्वतःपुरते एक बंद वर्तुळ बनतो. त्याचा रोध अत्यल्प, त्यामुळे त्यात नेहमीच्या अनेक पट प्रवाह घुमू लागतो. उष्णतेने शेजारचे आवरण करपते, दोष पसरतो आणि अखेर तांबे वितळून लोखंडी गाभ्यापर्यंत पोहोचते.

५. आरंभीच्या वीजकेंद्रांत दोष ओळखण्याची साधने म्हणजे माणसाची इंद्रिये: करपल्याचा वास, बदललेला आवाज, हाताला लागणारी ऊब. जोडीला फ्यूज असे. परंतु फ्यूज फक्त ‘प्रवाह ठरावीक मर्यादेपलीकडे गेला का’ एवढेच पाहतो. एका वेढ्यात घुमणारा प्रवाह यंत्राच्या टोकांपर्यंत त्या प्रमाणात पोहोचत नाही. फ्यूज वितळेपर्यंत आतला दोष बराच पुढे गेलेला असतो.

६. परिस्थिती पालटली ती विसाव्या शतकाच्या आरंभी, इंग्लंडच्या ईशान्येकडील टाइन नदीच्या परिसरात. जहाजबांधणी आणि जड उद्योगांच्या या पट्ट्यात चार्ल्स मर्झ हे तरुण अभियंते त्रिकला, म्हणजे थ्री-फेज, विजेचे जाळे उभारत होते. त्यांच्या नेपच्यून बँक वीजकेंद्राचे उद्‌घाटन १९०१ साली लॉर्ड केल्विन यांच्या हस्ते झाले. इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी एक तपशील: चार्ल्स यांचे वडील जॉन थिओडोर मर्झ हे उद्योजक तर होतेच, शिवाय एकोणिसाव्या शतकातील युरोपीय विचारांच्या चार खंडी इतिहासाचे लेखकही होते.

७. जाळ्याने नवी अडचण निर्माण केली. एकटे जनित्र बिघडले तर त्याचे गिऱ्हाईक अंधारात जाते. पण अनेक जनित्रे एकत्र जोडली असतील, तर एकाच्या आतल्या शॉर्ट सर्किटला बाकीची सारी जनित्रे प्रवाह पुरवू लागतात. सगळीकडचा प्रवाह वाढतो. मग दोष नेमका कोठे आहे, हे केवळ प्रवाहाच्या आकड्यावरून ठरेना. निरोगी भागही तोडला जाई. कारखान्यांनी स्वतःची इंजिने मोडीत काढून या जाळ्यावर विसंबावे, असे मर्झ यांचे म्हणणे होते. त्यामुळे हा प्रश्न थेट विश्वासाचा होता.

८. १९०४ मध्ये मर्झ आणि त्यांचे सहकारी बर्नार्ड प्राइस यांनी आपल्या संरक्षण पद्धतीचे पेटंट घेतले. मर्झ तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर होते. प्राइस त्यांच्याहून धाकटे. कल्पना सांगायला सोपी: वायंडिंगच्या दोन्ही टोकांना प्रवाह मोजणारा एकेक लहान ट्रान्सफॉर्मर बसवायचा आणि त्यांच्या मोजणीची तुलना करायची. एका टोकाने जितका प्रवाह आत गेला, तितकाच दुसऱ्या टोकाने बाहेर पडला, तर सारे ठीक. फरक पडला, तर प्रवाहाला मध्येच कोठेतरी चोरवाट मिळाली आहे. मग रिले स्विच तोडतो.

९. पेशवे दफ्तर चाळलेल्या कोणालाही ही रीत ओळखीची वाटेल. हा शुद्ध जमाखर्चाचा ताळा आहे. किती आले याला महत्त्व नाही. आले आणि गेले यांचा मेळ बसतो का, एवढेच पाहायचे. म्हणूनच शहरात दुसरीकडे कितीही मोठा दोष झाला आणि जनित्रातून प्रचंड प्रवाह वाहिला, तरी हा रिले शांत राहतो, कारण त्या प्रवाहाची जमा आणि खर्च समान असतात. तंत्रनिकेतनांतून विद्युत अभियांत्रिकी शिकणारे विद्यार्थी ‘मर्झ-प्राइस संरक्षण’ या नावाने ही पद्धत आजही शिकतात.

१०. मात्र जमाखर्चाच्या ताळ्याची एक जुनीच मर्यादा आहे, आणि कोणताही फडणीस ती सांगू शकला असता: खजिन्यातून पैसा बाहेर न जाता आतल्या आत फिरवला गेला, तर ताळा जुळतच राहतो. एकाच गुंडाळीतील दोन वेढे चिकटले, तर प्रवाह आत घुमतो. गुंडाळीच्या एका टोकाने शिरलेला प्रवाह दुसऱ्या टोकाने तेवढाच बाहेर पडतो. मर्झ-प्राइस रिलेला काहीही दिसत नाही. दोष वाढून तांबे गाभ्याला टेकले आणि प्रवाहाला बाहेर वाट मिळाली, तरच मेळ बिघडतो.

११. ही त्रुटी रिलेच्या बनावटीतील नव्हती. कितीही संवेदनशील रिले बसवला तरी ती राहणारच होती. रिलेला विचारलेला प्रश्नच या दोषाला लागू पडत नव्हता. पुढच्या सुमारे शंभर वर्षांचा इतिहास त्यामुळे ‘अधिक बारकाईने मोजा’ एवढाच राहिला नाही. ‘तुलना कशाशी करायची’ हा प्रश्न अभियंते पुन्हा पुन्हा नव्याने सोडवत राहिले.

१२. पहिले उत्तर यंत्राच्या रचनेतच दडलेले होते. मोठ्या जलविद्युत जनित्रात प्रत्येक फेजची वायंडिंग अनेकदा दोन समांतर वाटांत विभागलेली असते. दोन्ही वाटा एकसारख्या, म्हणून त्यांतील प्रवाहही समान हवेत. एका वाटेतील काही वेढे शॉर्ट झाले की तिचा दाब घटतो आणि दोन वाटांच्या प्रवाहांत फरक पडतो. आत-बाहेर अशी तुलना सोडून डावी-उजवी अशी तुलना केली की लपलेला दोष दिसू लागतो. या पद्धतीला स्प्लिट-फेज संरक्षण म्हणतात.

१३. परंतु दोन वाटा कागदावर जितक्या सारख्या असतात, तितक्या प्रत्यक्षात नसतात. हवेची फट सर्वत्र अगदी समान नसते, रोटर किंचित एका बाजूला असतो. त्यामुळे निरोगी यंत्रातही थोडा फरक राहतोच. रिले फार हळवा ठेवला, तर तो विनाकारण यंत्र बंद पाडणार आणि शहर अंधारात जाणार. निबर ठेवला, तर एखाद-दुसऱ्या वेढ्याचा दोष निसटणार आणि जनित्र जळणार. दोन्ही चुकांची किंमत मोठी, आणि किती फरकाला दोष म्हणायचे हे माणसालाच ठरवावे लागते.

१४. दुसरे उत्तर काहीसे अनपेक्षित दिशेने आले. १९१२ मध्ये ब्राउन बोव्हेरी कंपनीतील लुडविग रोबेल यांनी पातळ पट्ट्यांना पीळ देऊन बनवलेल्या तांब्याच्या दांडीचे पेटंट घेतले. हेतू होता दांडीत वाया जाणारी ऊर्जा कमी करण्याचा. मोठ्या टर्बो-जनित्रांत प्रत्येक गुंडाळीला एकच वेढा पुरतो आणि तो अशा दांड्यांनी बनतो. वेढाच एक असेल, तर एकाच गुंडाळीतील शेजारच्या वेढ्यांचे शॉर्ट संभवतच नाही. प्रत्येक दांडीभोवती गाभ्यापासून अलग राखणारे जाड आवरण असते. स्टेटरमधील हा दोष अशा यंत्रांत शोधण्यापेक्षा रचनेनेच टळला. जलविद्युत जनित्रांत मात्र अनेक वेढ्यांच्या गुंडाळ्या राहिल्या, आणि त्यांच्यासोबत हा प्रश्नही.

१५. तिसरे उत्तर कारखान्यातील चाचणीचे. वायंडिंगचे आवरण तपासण्याची रूढ रीत म्हणजे संपूर्ण वायंडिंग आणि गाभा यांच्यामध्ये मोठा दाब लावणे. पण तेव्हा सगळे वेढे एकाच दाबाला असतात. वेढ्या-वेढ्यांमधल्या आवरणावर ताण येतच नाही. मर्झ-प्राइसच्या बाबतीत पाहिलेले आंधळेपण येथे दुसऱ्या रूपाने भेटते. १९२६ मध्ये अमेरिकेत जे. एल. रायलँडर यांनी उच्च वारंवारतेचा दाब लावून वेढ्यांमध्येच ताण निर्माण करण्याची पद्धत मांडली.

१६. १९४५ मध्ये मोझेस आणि हार्टर यांनी त्यापुढचे पाऊल टाकले. दोन एकसारख्या गुंडाळ्यांना विजेचा एकसारखा क्षणिक झटका द्यायचा आणि दोघींचा प्रतिसाद ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर एकावर एक पाहायचा. दोन्ही निरोगी असतील, तर एकच रेषा दिसते. एकीत शॉर्ट असेल, तर रेषा दुभंगते. निरोगी गुंडाळीचा प्रतिसाद नेमका कसा असावा, हे गणिताने काढण्याची गरजच उरली नाही. जुळी गुंडाळीच मापदंड झाली. मर्यादा एकच: यंत्र थांबवावे लागे.

१७. इथवर चर्चा बहुतांशी स्टेटरची झाली. रोटरची गोष्ट वेगळी आहे. रोटरच्या वायंडिंगमध्ये एकदिश प्रवाह असतो, त्यामुळे शॉर्ट झालेल्या वेढ्यात प्रचंड प्रवाह घुमत नाही. प्रवाह त्या वेढ्याला वळसा घालून पुढे जातो, इतकेच. यंत्र चालू राहते. फक्त त्या ध्रुवाचे चुंबकत्व किंचित घटते. तेवढीच वीज देण्यासाठी रोटरला थोडा अधिक प्रवाह द्यावा लागतो, एक बाजू दुसरीपेक्षा अधिक तापते, लांबलचक रोटर सूक्ष्मसा वाकतो आणि कंपन वाढते.

१८. ‘कंपन’ हा शब्द सौम्य वाटतो, म्हणून एक हिशेब. ५० हर्ट्‌झच्या विजेसाठी द्विध्रुवी रोटर मिनिटाला ३००० फेरे घेतो. आपल्याकडील मोठ्या औष्णिक केंद्रांतही हाच वेग असतो. रोटरचा व्यास १ मीटर धरला, तर त्याच्या पृष्ठभागाचा वेग सेकंदाला सुमारे १५७ मीटर होतो आणि तेथील प्रत्येक वस्तूवर गुरुत्वाच्या सुमारे ५००० पट बल येते. १ किलो तांबे तेथे ५ टनांच्या भाराने बाहेर रेटले जाते.

१९. या बलामुळेच रोटरचा दोष लहरी ठरतो. पूर्ण वेगात वेढे एकमेकांवर दाबले जाऊन शॉर्ट होतात आणि यंत्र थांबवून तपासणी केली की पुन्हा विलग होतात. दोष सापडत नाही. याउलटही घडते. जड रोटर बंद काळात वाकू नये म्हणून त्याला मंद गतीने फिरवत ठेवतात. त्या वेळी तांब्याचे वेढे सैल राहून एकमेकांवर घासतात, तांब्याची बारीक भुकटी पडते आणि पुढे तीच भुकटी वेढ्यांमध्ये पूल बांधते. यंत्राला जपण्यासाठी केलेली कृतीच येथे दोषाचे बीज पेरते.

२०. मग फिरत्या रोटरच्या आत डोकवायचे कसे? १९७१ मध्ये डी. आर. अल्ब्राइट यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात याचे उत्तर आहे. रोटर आणि स्टेटर यांच्यामधील हवेच्या फटीत तारेची एक चिमुकली गुंडाळी बसवायची. रोटरची एकेक खाच तिच्यासमोरून जाताना त्या खाचेतील वेढ्यांच्या चुंबकत्वामुळे पडद्यावर एक लहानसा उंचवटा उमटतो. ज्या खाचेत वेढे शॉर्ट झाले असतील, तिचा उंचवटा ठेंगणा दिसतो.

२१. ठेंगणा, पण कशाच्या तुलनेत? समोरच्या ध्रुवाच्या त्याच क्रमांकाच्या खाचेच्या. रोटरचे दोन ध्रुव सममित असतात, म्हणून उत्तर ध्रुवाची तिसरी खाच दक्षिण ध्रुवाच्या तिसऱ्या खाचेशी ताडून पाहायची. दोन्ही ध्रुवांत त्याच जागी सारखाच दोष होणे फारच विरळ. यंत्र पूर्ण वेगात, वीज पुरवत असताना कोणत्या खाचेत दोष आहे हे कळू लागले. त्यासाठी मात्र भार कमी-अधिक करत नोंदी घ्याव्या लागतात, कारण एका भाराला सगळ्याच खाचा सारख्या स्पष्ट दिसत नाहीत.

२२. ब्रिटनमध्ये आणखी एक पद्धत रुजली आणि १९८० च्या दशकात तिच्यावरील लेखन प्रसिद्ध झाले. रोटरच्या वायंडिंगच्या दोन्ही टोकांतून आळीपाळीने अवघ्या काही व्होल्टचे तीव्र स्पंद सोडायचे आणि त्यांचे प्रतिसाद ताडायचे. वायंडिंग दोन्ही बाजूंनी सारखी असेल, तर स्पंदाला कोणत्याही टोकाने शिरताना सारखाच प्रवास घडतो. मध्ये कोठे शॉर्ट असेल, तर दोन प्रवासवर्णने जुळत नाहीत. आणि ती जेथून वेगळी होऊ लागतात, त्यावरून दोषाचे अंतरही कळते.

२३. सारा क्रम एकदा पाहू. मर्झ-प्राइस यांनी एका टोकाची तुलना दुसऱ्या टोकाशी केली. स्प्लिट-फेजने एका वाटेची तुलना दुसरीशी केली. मोझेस-हार्टर यांनी एका गुंडाळीची तुलना दुसरीशी केली, आणि अल्ब्राइट यांनी एका ध्रुवाची समोरच्या ध्रुवाशी. यंत्राची सममिती हेच प्रत्येकाचे भांडवल होते. आणि जेथे तुलनेच्या दोन्ही बाजूंवर दोषाचा परिणाम सारखाच होतो, तेथे प्रत्येक पद्धत आंधळी ठरते. आजच्या संगणकीय पद्धती असंख्य नोंदी क्षणात चाळतात. पण त्यांनाही ‘कशाशी ताडायचे’ हे आधी सांगावेच लागते.

२४. या कथेतील माणसांचे पुढे काय झाले? बर्नार्ड प्राइस दक्षिण आफ्रिकेत गेले. तेथील वीजकंपनीत त्यांनी मोठे काम केले, आणि जोहान्सबर्गमधील विटवॉटर्सरँड विद्यापीठाची भूभौतिकी संशोधन संस्था त्यांच्या नावाने ओळखली गेली. चार्ल्स मर्झ ऑक्टोबर १९४० मध्ये लंडनवरील जर्मन बॉम्बहल्ल्यात स्वतःच्या घरी ठार झाले. त्यांची दोन्ही मुलेही त्यात गेली. निरोगी भागाला झळ न लागता फक्त बिघडलेला भाग अलग व्हावा, यासाठी आयुष्य वेचलेल्या माणसाचा हा शेवट.

२५. शेवटी एक गोष्ट, जी अभियंत्यांइतकीच इतिहासाच्या विद्यार्थ्यालाही लागू पडते. यंत्राला जुळे सापडले नाही, तर उरते एकच तुलना: त्याची त्याच्याच भूतकाळाशी. जनित्र नवे असताना घेतलेला चुंबकत्वाचा आलेख, स्पंदांच्या पहिल्या रेषा, अमुक भाराला रोटरला किती प्रवाह लागत होता त्याचा आकडा. या नोंदी जपल्या असतील, तर पंचवीस वर्षांनी एखादी रेषा किंचित सरकलेली ओळखता येते. हरवल्या असतील, तर समोर दोषाची खूण असूनही ती यंत्राची जन्मखूण आहे की नवा आजार, हे ठरवता येत नाही. केंद्राचे नूतनीकरण होताना जुनी कागदपत्रे रद्दीत घालणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

धागा येथे पूर्ण झाला. वीजकेंद्रांत किंवा रिवायंडिंगच्या कामात आयुष्य घालवलेल्या वाचकांनी आपल्या माहितीची भर अवश्य घालावी. या विषयाचा पुष्कळसा इतिहास अजून लिहिला गेलेला नाही, तो त्यांच्या वहीत आणि आठवणीत आहे.